इन्डेम्निटी : कुणी कुणाला द्यायची?

शुक्रवारी दुपारी सबाह अल-सालेममधल्या आमच्या इमारतीत सहसा कुणी कुणाकडे जात नाही. जेवून सगळे आडवे झालेले असतात. गेल्या शुक्रवारी मात्र बेल वाजली. दारात जवळच राहणारा चिपळूणचा मुलगा उभा, हातात दोन कागद. एसी दुरुस्तीचं काम करतो.

"काका, हे जरा वाचा ना. कंपनी माझ्याकडून पैसे मागतेय का?"

नोकरी सोडायचं त्यानं ऑफिसात तोंडी सांगितलं होतं. त्यांनी राजीनाम्याचा फॉर्म आणि कच्चा हिशेब हातात ठेवला. हिशेबात एक ओळ होती : 'इन्डेम्निटी', आणि पुढे २४७ दिनार. मोबाइलवर अर्थ बघितला, तर 'नुकसानभरपाई'. झालं! साडेचार वर्षांत त्याच्या हातून दोन कॉम्प्रेसर जळले होते, ते त्याला आठवले आणि दोन रात्री झोप नाही.

घाबरायला आणखी एक कारण होतं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा त्यांच्या घरातली बँकेतल्या ठेवीची पावती चिखलात गेली. नवी पावती देताना बँकेनं वडिलांकडून स्टॅम्पपेपरवर इन्डेम्निटी बॉन्ड लिहून घेतला. म्हणजे उद्या जुनी पावती घेऊन कुणी आलं आणि बँकेला तोशीस लागली, तर ती वडिलांनी भरून द्यायची. हा शब्द त्यांच्या घरात असा आला. सही आपली, जबाबदारीही आपलीच.

कुवेतमध्ये नेमकं उलटं आहे. इथं इन्डेम्निटी म्हणजे नोकरी संपताना मालकानं कामगाराला द्यायची रक्कम. आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीची चुलत बहीण म्हणा. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पण पैसे उलट्या दिशेनं चालतात. मुळातला लॅटिन शब्द 'ज्याचं नुकसान झालेलं नाही असा' एवढंच सांगतो. नुकसान कुणाचं होऊ द्यायचं नाही, ते कागदावर ठरतं.

मग आम्ही हिशेबाला बसलो. खासगी नोकऱ्यांसाठी इथं २०१० चा कामगार कायदा क्रमांक ६ आहे. महिन्यावर पगार घेणाऱ्याला पहिली पाच वर्षं दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, त्यानंतर दर वर्षाला एक महिन्याचा. सगळं मिळून दीड वर्षाच्या पगाराच्या वर नाही. पण राजीनामा स्वतःहून दिला तर कात्री लागते. तीन वर्षांच्या आत काही नाही. तीन ते पाच वर्षांत निम्मी, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा वर्षं भरली की पूर्ण. घरकाम करणाऱ्यांसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्यांनी हा हिशेब लावू नये.

मुलाचा पगार १८० दिनार. नोकरीला साडेचार वर्षं झालेली, करार बेमुदत, म्हणजे नोटीस तीन महिन्यांची. आज फॉर्म भरला असता तर पावणेपाच वर्षांवर नोकरी संपली असती आणि निम्मी रक्कम मिळाली असती. तोच फॉर्म तीन महिन्यांनी भरला, तर पाच वर्षं पूर्ण होतात आणि सुमारे ३४६ दिनार पदरात पडतात. जवळजवळ शंभर दिनारांचा फरक! ऑफिसचा हिशेब बरोबरच होता, कुणी फसवलं नव्हतं. फक्त त्या ओळीचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

शाळेत आपण शब्दार्थाची वही घालायचो. मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. परीक्षेला ते पुरत असे. परदेशात पोट भरायला आलेल्या माणसाला ते पुरत नाही. माझं म्हणणं असं, की त्या वहीत तिसरा रकाना आखावा : कुणी कुणाला द्यायचं? पैशाशी, कामाशी संबंधित कुठलाही शब्द असो, इन्डेम्निटी, नोटीस, सेटलमेंट, डिडक्शन. या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत शब्द कळला असं समजू नये. ते उत्तर डिक्शनरीत नसतं, त्या शब्दाच्या पुढच्या-मागच्या ओळींत असतं.

आणि आणखी एक. इथले नोकरीचे करार अरबीत असतात; सोबत भाषांतर जोडता येतं, पण वाद झाला तर अरबी मजकूरच खरा धरतात. ज्या इंग्रजी शब्दावर आपण रात्र काढतो, तो कायद्याचा मूळ शब्दच नाही! अरबीत या रकमेला 'मुकाफअत निहायत अल-खिदमा' म्हणतात. मुकाफअत म्हणजे बक्षीस, मोबदला. निहायत म्हणजे शेवट. आणि खिदमा म्हणजे आपली खिदमतच की! सेवा संपल्याचा मोबदला. मुलाला हे सांगितलं तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

गावाकडच्या मंडळींनाही सांगणं आहे. पोरगा आखातात निघाला की लोणचं, चटण्या, फराळ बांधून देताच. एक संध्याकाळ त्याच्या कराराचा कागद घेऊनही बसा. अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा आणि जाणत्या माणसाला विचारा. विचारण्यात कसली आलीय लाज? मीही पहिली कित्येक वर्षं न विचारताच सह्या केल्या आहेत.

मुलानं माझ्यासमोरच घरी व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, ही इन्डेम्निटी आपण द्यायची नाही, आपल्याला मिळायची आहे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग वडील म्हणाले, "बरं आहे. पण सही करायच्या आधी आकडा मोजून घे हो."