नॅनोजेल येईल तेव्हा येईल, रक्त आज तपासा

सिकलसेलचे रुग्ण असलेल्या घरी गेलो की आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "दादा, ते नॅनो औषध आपल्याकडे कधी येणार?" चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार आदिवासी बांधवांत आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. म्हणून हे प्रकरण काय आहे, ते सोप्या भाषेत मांडतो.

सब्जा पाण्यात टाकला की दाण्याभोवती बुळबुळीत थर फुगतो. तो थर म्हणजे जेल. धाग्यांचे जाळे आणि त्यात धरून ठेवलेले पाणी. हेच जाळे अतिसूक्ष्म कणांचे केले की झाले नॅनोजेल. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटरची. हा कण शेदोनशेचा.

करण्याची एक रीत स्पेनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये मांडली. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून कायटोसान मिळते. ते सौम्य आम्लात विरघळवायचे आणि ढवळत ढवळत त्यात ट्रायपॉलिफॉस्फेटचे पाणी सोडायचे. एकाचा विद्युतभार धन, दुसऱ्याचा ऋण. त्यामुळे धागे एकमेकांना बांधले जाऊन कण तयार होतात. औषध त्या जाळ्यात राहते व शरीरात हळूहळू सुटते.

सूक्ष्म कणांची औषधे गरिबांपर्यंत पोचत नाहीत, असे नाही. काळा आजारावर चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले ॲम्फोटेरिसिन २०१४ पासून बिहारच्या सरकारी दवाखान्यांत एकाच डोसात दिले जाऊ लागले. पण सिकलसेलसाठी नॅनोजेल आज दवाखान्यात मिळत नाही. त्या नावाने कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

आज हाती आहे ते हायड्रॉक्सीयुरिया. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ते रोज घ्या, सांगतील तेव्हा रक्त तपासा. दुखणे थांबले म्हणून मनाने बंद करू नका.

आणि लग्न ठरवण्याआधी तपासणी करा. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्यात आपले नाव असू द्या.

बंधू-भगिनींनो, पत्रिका आपण केव्हाच सोडली. आता सोयरीक जमवताना दोन्हीकडचे रक्ताचे अहवाल तेवढे पाहा.