पाण्याची नोंद आणि नोंदीची जबाबदारी

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न आजवर 'किती' या शब्दात मांडला गेला. 'कसे' हा प्रश्न मागे राहिला. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाने प्रवरा खोऱ्याचे अर्थकारण पालटले. उसाबरोबर अतिसिंचन आणि रासायनिक खतेही आली. संगमनेर परिसरातील विहिरींत क्षार व नायट्रेट वाढल्याचे भूजल अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, आणि तान्ह्या मुलांना त्याचा धोका अधिक.

अशा विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत जातो तो वर्षातून एक-दोनदा. आवर्तन सुटल्यावर किंवा खताची मात्रा दिल्यावर पाणी पालटते, ते या नोंदीत सापडत नाही. त्यावर बिनतारी संवेदकांचे जाळे हा उपाय सुचविला जातो. बॅटरीवर चालणारी ही यंत्रे बहुतेक वेळ निद्रिस्त असतात. ठराविक वेळी जागी होऊन सामू, विद्युतवाहकता व गढूळपणा मोजतात आणि परवानामुक्त लहरींवरून ते आकडे काही किलोमीटर दूर पाठवितात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने टाटा न्यासाच्या सहकार्याने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील काही गावांत संवेदकांचा प्रयोगही केला.

परंतु या स्वस्त यंत्रांना जंतू दिसत नाहीत. नायट्रेटचा संवेदक तर शेवाळाचा थर चढताच खोटे बोलू लागतो. त्याला प्रमाणित द्रावणात वरचेवर जुळवून घ्यावे लागते. तेव्हा खर्चाचे खरे कलम खरेदीचे नसून निगेचे आहे, आणि निगेच्या तरतुदीबाबत आपली अंदाजपत्रके किती हात आखडतात हे गावोगावचे नादुरुस्त हातपंप सांगतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये साखर कारखाने व आसवन्यांसह १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मापन करणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. कारखान्याच्या सांडपाण्याला तोंड असते; तेथे यंत्र बसते आणि दोषीही सापडतो. हजारो शेतांतून झिरपणाऱ्या खताला तोंड नाही. तेथे आकडा मिळेल, आरोपी मिळणार नाही.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून ग्रामसभेत पिके ठरविते. पर्जन्यमापक हे काही अलौकिक यंत्र नव्हे. पाऊस कमी पडला तर कोणते पीक सोडायचे याला गावाची संमती आहे, म्हणून त्या आकड्याला वजन आले. प्रवराकाठच्या विहिरीत नायट्रेट वाढल्याचा संदेश रात्री आला, तर सकाळी टँकर कोणी मागवायचा आणि त्याचे पैसे ऊसउत्पादकाने द्यायचे की जिल्हा परिषदेने, हे यंत्रांची निविदा निघण्यापूर्वी ठरले पाहिजे.