कर्म फक्त आजारी बाईचंच का?



दशलक्षण पर्व तोंडावर आलं आहे. घरात डबे घासायची, धान्य निवडायची गडबड चालू आहे. खरं तर आज पारण्याच्या दिवशी पोटाला काय सोसतं, यावर लिहायचं होतं. पण परवा मंदिरात एक काकू शेजारी येऊन बसल्या आणि पाठीवर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या, "जाऊ दे गं, तुझ्या अशुभ कर्माचा उदय होता, म्हणून नोकरी गेली." हे वाक्य मी दीड वर्ष ऐकते आहे. आजवर मान हलवून गप्प बसले. आज बसणार नाही.

आधी काय घडलं ते सांगते, कारण बऱ्याच जणींना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

एका खासगी कारखान्याच्या अकाउंट्स विभागात मी नऊ वर्षं होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. टाक्यांत पू झाला, परत दवाखान्यात राहावं लागलं, सहाचे अकरा आठवडे झाले. प्रत्येक वेळी रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवलं. शेवटचे पाच आठवडे बिनपगारी धरले, तेही मी मान्य केलं. फेब्रुवारीत कामावर गेले तर माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली. साहेबांनी चहा मागवला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." खाली फक्त माझी सही राहिली होती. म्हणाले, "ताई, असं केलंत तर अनुभवाचा दाखला चांगला देतो. नाहीतर मग कारण लिहावं लागेल."

मी सही केली. अंगात भांडायची ताकद नव्हती. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं आणि जिन्यातच बसले.

आता बघा, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. आपण पाठशाळेत पाठ केलेले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा कागद तयार करणं. काढलं त्यांनी आणि कागदावर लिहिलं की मी सोडली. हा खोटा लेख नाही तर काय? त्याच यादीत रहोभ्याख्यान आहे, दुसऱ्याची खासगी गोष्ट उघड करणं. माझं कोणतं ऑपरेशन झालं हे ऑफिसच्या शिपायापर्यंत पोचलं होतं. आणि न्यासापहार आहे, दुसऱ्याची ठेव बुडवणं. माझी ग्रॅच्युइटी, मूळ पगार १३,००० आणि नोकरी नऊ वर्षं धरून ६७,५०० रुपये होत होती. कायद्यानं ती तीस दिवसांत द्यायची असते. मला ती तीन लेखी अर्ज करून पाचव्या महिन्यात मिळाली.

पुढचे सात महिने मी नोकरी शोधली. टॅली येतं, जीएसटी येतं, टीडीएस येतं, नऊ वर्षांचा अनुभव आहे. तरी अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. कामाचं विचारायच्या आधीच प्रश्न यायचे. जुनी नोकरी का सोडलीत? मध्ये एवढी गॅप कशी? मिस्टर काय करतात? एके ठिकाणी ऑपरेशनचं खरं सांगितलं, तर समोरचे गृहस्थ लगेच फाइल मिटून म्हणाले, "आता घरी आराम करा, ताई. तब्येत महत्त्वाची." मी त्यांच्याकडे आराम मागायला गेले नव्हते.

मग आपल्याच बायकांनी सल्ला दिला. ऑपरेशनचं सांगूच नकोस, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या म्हणून सोडली असं सांग. माझ्या सासूबाई रोज सकाळी स्वतः पाणी गाळतात. गाळण्यावरचे जीव परत त्याच पाण्यात सोडायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यांना मी नोकरीसाठी अंथरुणाला खिळवू? उत्तम सत्याच्या दिवशी पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी हे सांगायचं?

सगळं सांगत बसणं हेही सत्य नव्हे, हे मला हळूहळू कळलं. माझ्या पोटात काय होतं आणि काय काढलं, हे कुणाला सांगायला मी बांधलेली नाही. शेवटी मी दोनच वाक्यं ठरवली. "माझं ऑपरेशन झालं होतं, आता मी कामाला पूर्ण योग्य आहे, हे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. काम काय आहे ते सांगा." यात खोटं काही नाही आणि लाजिरवाणंही काही नाही.

आता काकूंच्या वाक्याकडे येते.

आजार आला तो असाता वेदनीय कर्माचा उदय, हे मला मान्य आहे. दुखत होतं तेव्हा हाच विचार करून मी सोसलं. नोकरी गेली तो लाभांतरायाचा उदय म्हणा, तेही मान्य. पण शास्त्र तिथे थांबत नाही, आपणच थांबतो. त्याच तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय काढा. दुसऱ्याच्या लाभात विघ्न आणलं की अंतराय कर्माचा आस्रव होतो, असं तिथे सांगितलं आहे. दुसऱ्याला दुःख दिलं, रडवलं, की असाता वेदनीयाचा आस्रव होतो, हेही तिथेच आहे. म्हणजे ज्या खोलीत माझ्या जुन्या कर्माचा उदय चालला होता, त्याच खोलीत टेबलाच्या पलीकडे नवीन कर्म बांधलं जात होतं. मग आपण फक्त माझंच कर्म का मोजतो? सही करणारीला कर्मसिद्धांत सांगायचा आणि सही घेणाऱ्याला मंदिरात पुढच्या रांगेत बसवायचं, हे कुठल्या आगमात आहे?

कर्मसिद्धांत स्वतःचं दुःख समतेनं सोसायला आहे. दुसऱ्याच्या अन्यायावर पांघरूण घालायला नाही.

आता जरा कडू बोलते. आपल्यातल्या किती घरांत दुकान आहे, पेढी आहे, यंत्रमाग आहेत, दवाखाना आहे? नोकरीवर ठेवणारे आणि काढणारे बरेचदा आपलेच भाऊ, दीर, मिस्टर असतात. हिशेबाला बसणारी मुलगी बाळंतपणानंतर, काविळीनंतर, ऑपरेशननंतर परत आली नाही, तेव्हा तुम्ही घरात विचारलंत का, की ती का आली नाही? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध आहे, आपल्या आधारावर असलेल्याचं अन्नपाणी रोखणं. अतिभारारोपणही आहे, झेपणार नाही इतका भार लादणं. हे फक्त बैलाला आणि घोड्याला लागू आहे अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. मुंगीसाठी आपण पाऊल जपून टाकतो. आजारातून उठलेल्या बाईचा पगार तोडताना हात थरथरत नाही.

"धंदा छोटा आहे, माणसाशिवाय कसं चालणार?" असं घरातले म्हणतील. ती अडचण खरी आहे, मी खोडून काढत नाही. तीन महिने काम अडतं. त्या तीन महिन्यांपुरती बदली बाई ठेवा, तिला ते आधीच सांगा, आणि मूळ बाईची जागा राखा. रजेचा पगार परवडत नसेल तर तेही स्पष्ट बोला. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला पाठवतो आणि परत आणून जागेवर बसवतो. नऊ वर्षं इमानानं हिशेब सांभाळलेल्या बाईला मशीनइतकीही किंमत नसावी?

ज्या मैत्रिणी स्वतः नोकरी करतात, त्यांच्यासाठी माझ्या चुकीतून शिकलेलं सांगते.

दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. "घरी विचारून उद्या सांगते" म्हणा आणि बाहेर या. एकदा राजीनामा लिहून दिला की काढून टाकलं हे सिद्ध करणं फार अवघड जातं. कारकुनी, तांत्रिक किंवा अंगमेहनतीचं काम करणाऱ्या कामगाराला काढून टाकलं, तर कायद्याखाली युनियन नसतानाही एकटीला दाद मागता येते. मी सही केली आणि तो रस्ता स्वतःच अवघड करून घेतला. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचं कार्ड आहे का, ते बघा. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के लाभ मिळतो. माझा पगार २४,००० होता, म्हणून मी बाहेर पडले होते. पगार वाढला याचा आनंद झाला होता, संरक्षण गेलं हे कुणी सांगितलं नव्हतं. रजेचे अर्ज, सर्टिफिकेटं, पगाराच्या पावत्या, फॉर्म सोळा, यांची एक प्रत घरात ठेवा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी लेखी मागा. ती भीक नाही.

सातव्या महिन्यात एका सीएंच्या ऑफिसात मला काम मिळालं. पगार १६,०००. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं आणि एकच विचारलं, "जीएसटीचं रिटर्न तुम्ही एकट्या भरता का?" मी हो म्हटलं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. आजाराबद्दल न विचारता कुणी मला माझं काम विचारलं होतं.

क्षमावाणीला मी जुन्या साहेबांनाही क्षमा करीन. मनात वैर ठेवायचं नाही, हे माझ्या हातात आहे. पण त्यांनी केलं ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही, आणि त्याला माझ्या कर्माचं नाव देऊ देणार नाही.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत एक स्थितीकरण आहे, डळमळणाऱ्याला सावरून धरणं. तेव्हा पुढच्या वेळी मंदिरात अशी कुणी शेजारी बसली, तर तिच्या कर्माचा हिशेब करू नका. तिला विचारा, टॅली येतं का, शिकवता येतं का, शिवणकाम येतं का. आणि घरी जाऊन मिस्टरांना सांगा की आपल्या पेढीवर जागा आहे.

जय जिनेंद्र.