चहाच्या कपामागचा थकवा

घरात हात धरून चालवावे लागणारे ज्येष्ठ माणूस असले, म्हणजे काळजी घेणाऱ्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. औषधांच्या वेळा, अंघोळ, न्याहारी, मग नोकरी, परतल्यावर स्वयंपाक आणि रात्री दोनदा उठणे. या धावपळीत अनेकांना एकच आधार वाटतो, तो चहाचा. उठल्यावर एक, कार्यालयात पोहोचल्यावर एक, दुपारी पेंग आली की एक, घरी परतल्यावर एक, असे पाच-सहा कप सहज होतात. चहा सोडा, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. एक-दोन कपांनी निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. चहावाचून दिवस रेटताच येत नाही, अशी ज्यांची अवस्था झाली आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत.

चहा नेमके काय करतो, ते प्रथम समजून घेऊ. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्याला विश्रांतीची सूचना देते. चहा-कॉफीतील कॅफीन ही सूचना काही काळ अडवून धरते. म्हणजे थकवा जात नाही, तो केवळ जाणवत नाही. शिवाय कॅफीन शरीरात बराच काळ रेंगाळते. सर्वसाधारणपणे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या चहाचा निम्मा अंश रात्री दहाला शरीरात असू शकतो. वय वाढते तशी झोप मुळातच हलकी होते. त्यात ही भर पडली, की झोप तुटते, सकाळ जड जाते आणि पुन्हा चहाच लागतो.

दुसरी बाब साखरेची. कपामागे दोन लहान चमचे धरले, तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे किमान चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे 25 ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हिताचे आहे.

तिसरी बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह नीट शोषू देत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई माझ्याकडे शक्तीचे टॉनिक मागायला आल्या होत्या. सासूबाईंची शुश्रूषा आणि बँकेतील नोकरी, दोन्ही त्या सांभाळत. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी डबा संपताच चहा, असा त्यांचा परिपाठ. थकवा कामाचाच, असे त्यांनी गृहीत धरले होते. जिना चढताना धाप लागते, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. तपासणीत हिमोग्लोबिन 8 निघाले. मासिक पाळीत रक्तस्राव बराच होत होता, हेही पुढे कळले. त्यांना टॉनिकाची नव्हे, निदानाची गरज होती. लोहाच्या गोळ्या, त्या चहासोबत न घेण्याची दक्षता आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार यांनी काही महिन्यांत त्यांची तब्येत सावरली.

आता दिवसभर उत्साह टिकविण्याविषयी. सकाळी उठल्यावर थोडा वेळ गच्चीत किंवा अंगणात उजेडात चालावे. त्यामुळे शरीराचे घड्याळ नीट लागते. न्याहारीत बिस्किटांऐवजी शेंगदाणे घातलेले पोहे, मोडाची उसळ, थालीपीठ-दही किंवा अंडे असावे. प्रथिने असली म्हणजे अकरा वाजता डोळे मिटत नाहीत. उसळीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते. पुष्कळदा दुपारचा थकवा हा पाण्याच्या कमतरतेचा असतो. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून ज्येष्ठांना ठरावीक वेळी पाणी किंवा पातळ ताक द्यावे. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून घेण्यास सांगितले असेल, तर तेच प्रमाण पाळावे. रक्तदाब असणाऱ्यांनी ताकात मीठ घालू नये.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास येणारी सुस्ती नैसर्गिक आहे. जेवणात भात थोडा कमी घ्यावा आणि नंतर दहा मिनिटे शतपावली करावी. घरी असणाऱ्यांनी वीस मिनिटे डुलकी घेण्यास हरकत नाही. गजर लावून, तीनच्या आत. तासभराची झोप मात्र रात्रीच्या झोपेवर उठते.

चहा कमी करावयाचा असेल, तर एकदम तोडू नका. डोकेदुखी आणि चिडचिड होऊन तीन दिवसांत निश्चय मोडतो. दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी करावा आणि आरंभ संध्याकाळच्या कपापासून करावा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी पाण्यासोबतच घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा घेऊ नये.

एवढे करूनही दोन-तीन आठवडे थकवा हटला नाही, तर डॉक्टरांना भेटा. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडणे, नैराश्य किंवा चालू असलेले एखादे औषध यांपैकी काहीही मागे असू शकते. वजन आपोआप घटणे, काळी शौच होणे, पायांवर सूज येणे यांत दिवस घालवू नका. आणि छातीत दडपण, घाम, धाप यांसह अचानक गळून गेल्यासारखे वाटले, तर तत्काळ रुग्णालय गाठा. स्त्रियांत व मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

शेवटी एक विनंती घरातील इतरांना. रात्री उठून ज्येष्ठांना पाणी देण्याची, शौचाला नेण्याची पाळी आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कोणी घ्यावी. काळजी घेणाऱ्या व्यक्तीला सलग सात तासांची झोप मिळाली, तर तिच्या दुसऱ्या दिवशीच्या चहाच्या कपांची संख्या आपोआप कमी झालेली तुम्हाला दिसेल.