माशांच्या पाण्याला महागडी बाटली कशाला?

अहिल्यानगर शहराचे पाणी मुळा धरणातून उचलले जाते, विळदला शुद्ध होते आणि क्लोरीन घेऊन नळाला येते. माणसांसाठी ते हवेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. पण तेवढ्यानेही माशांचे कल्ले भाजू शकतात. म्हणूनच काचेची टाकी धुऊन थेट नळाखाली भरली की दुसऱ्या दिवशी गोल्डफिश पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात आणि घरातले कोणीतरी दुकानाकडे धावते. दुकानात ‘वॉटर कंडिशनर’ची छोटीशी बाटली पुढे येते.

अशा बऱ्याच बाटल्यांतला मुख्य घटक असतो सोडियम थायोसल्फेट. डिजिटल कॅमेरे येण्याआधी फोटो स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोलीत ‘हायपो’ म्हणून वापरले जायचे, तेच हे रसायन. रासायनिक पदार्थांच्या दुकानात त्याचे खडे सुटे मिळतात आणि बाटलीच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात. 1 मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण 7 मिलिग्रॅम थायोसल्फेट लागते. म्हणजे 100 ग्रॅम खडे विरघळवून 1 लिटर द्रावण केले, तर त्यातले 10 मिलिलिटर 100 लिटर नळाच्या पाण्याला पुरेसे होते. बाटलीवर लेबल लावून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, एवढेच.

ज्यांना हेही नको, त्यांनी पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे; एअर पंपाचा दगड सोडला तर काम लवकर होते. नाहीतरी इथे बहुतेक घरांत पाणी साठवावेच लागते. मात्र झाकण लावलेल्या टाकीतून क्लोरीन सावकाश उडतो, हे विसरू नये. आणि एका वेळी पाव टाकीच बदलावी. सगळे पाणी ओतून खडी घासून काढली, तर अमोनिया पचवणारे जिवाणूही वाहून जातात. पुढे मासे मरतात आणि दोष पाण्यावर जातो. अमोनिया बांधून ठेवणारी महागडी औषधे अडचणीच्या दिवसासाठी ठीक आहेत, दर आठवड्याला लागणारी नव्हेत.

शेततळ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल एवढे तळे करता येत होते. त्यात उतार धरून वीस लाख लिटरहून जास्त पाणी मावते. ते येते विहिरीतून, कालव्यातून किंवा पावसातून. त्यात क्लोरीन नसतोच, मग क्लोरीन मारणारे औषध घालायचे कशासाठी? तरीही कटला-रोहू सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी तळ्यासाठी म्हणून कंडिशनर मारले जाते, हे संतापजनक आहे.

तिथली खरी औषधे साधीच आहेत: चुना, तुरटी आणि हवा. पण तीही डोळे झाकून वापरायची नाहीत. तुरटी गढूळपणा खाली बसवते, मात्र पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, खाली आणते. चुना तो वर नेतो, आणि बेसाल्ट खडकातले विहिरीचे पाणी बऱ्याचदा आधीच जड आणि विम्लधर्मी असते. ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण सामू 7 असताना पाण्यातल्या अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. 8 ला तो पाच-सहा टक्के होतो आणि 9 ला एक तृतीयांशाच्या वर जातो. उन्हाळ्यात, खाद्य जास्त पडलेल्या तळ्यात, सवयीने टाकलेला चुना एका दुपारीत मासे मारू शकतो.

म्हणून औषधाआधी चाचणी. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्यातच आहेत. तिथे पाण्याविषयी विचारून मगच चुना टाकावा. विक्रेत्यांनीही बाटलीवर घटक आणि प्रमाण मराठीत ठळक छापावे. आत काय आहे ते न सांगणारी बाटली, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नये.