तंटा आधी, शांतता मागाहून

शांतता हा काही पदवी घेण्याचा विषय नव्हे, असे म्हणणारे विद्वान आमच्याकडे पुष्कळ आहेत. युद्धशास्त्राच्या अध्यापनास मात्र त्यांची हरकत दिसत नाही! इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठाने 1973 साली शांतिअध्ययनाचा विभाग काढला. आपल्याकडे वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही शांतीच्या अध्ययनाचा विभाग आहे. तेव्हा हा वाद आता शिळा झाला. आमचे भांडण या विषयाच्या विरोधकांशी नसून कैवाऱ्यांशी आहे. हे गृहस्थ शांततेच्या अभ्यासाचा आरंभ शांततेपासूनच करतात.

वाईत राहणाराला हा उलटा क्रम खटकल्यावाचून राहत नाही. येथील प्राज्ञपाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली धर्मकोश निघू लागला, तेव्हा 1937 साली आरंभी बाहेर पडले ते व्यवहारकांड, म्हणजे तंट्याचे कांड. ऋण, ठेव, वेतन, शिवेचा वाद, वाटणी अशी अठरा विवादपदे मनूने गणली आहेत; आणि स्मृतिकारांनी व्यवहाराचे चार पाद सांगितले: वादीची भाषा, प्रतिवादीचे उत्तर, पुराव्याची क्रिया आणि मग निर्णय. निर्णय चौथा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. याच ग्रंथांनी वर्ण पाहून दंड कमीअधिक केला, हे आम्ही विसरलेलो नाही. तेही विद्यार्थ्यापुढे ठेवावे; चोख कार्यपद्धतीच्या पोटी अन्याय कसा नांदतो, हे त्याला दुसरीकडे इतके स्पष्ट दिसणार नाही.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावे, कोर्टाची पायरी चढणाऱ्या गरिबाचा पैसा वाचावा, हा हेतू निःसंशय थोर होता. परंतु तंटे मिटवणाऱ्या गावास बक्षीस ठरले, आणि तेथेच अभ्यासकाने कान टवकारावयास हवे होते. तंटा मिटला म्हणजे काय झाले? न्याय झाला, की एका पक्षाने तोंड मिटले?

भावाकडे हिस्सा मागणारी बहीण घ्या. 2005 च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत तिला भावाइतकाच हक्क दिला. तरी माहेर तुटेल या धाकाने ती हक्कसोडपत्रावर सही करते. घरात शांतता नांदते, वहिनी दिवाळीला साडी नेसवते, आणि गावच्या दप्तरी तंट्याची नोंदच होत नाही. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी 1969 च्या निबंधात हिंसा नसणे आणि न्याय असणे यांतला भेद मांडला. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत पहिलीला अभावरूप शांतता म्हणता येईल. तो निबंध विद्यार्थी पाठ करतो. परंतु ती बहीण त्याच्याच घरात चहा करीत असते, तिला तो कधी विचारीत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर हा शिवाजी विद्यापीठाचा टापू. तेथे हा विषय शिकवावयाचाच असेल, तर विद्यार्थ्याला प्रथम एकेका गावात धाडावे. मिटलेला एक तंटा त्याने उकलावा, दोन्ही पक्षांची भाषा व उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे, आणि ज्याचे म्हणणे कोणी लिहूनच घेतले नव्हते त्याचे नाव शेवटी घालावे. गावकऱ्यांस हे रुचणार नाही, हे उघड आहे. बक्षिसाची पाटी वेशीवर लागलेली असते.