थॅचरबाईंचा हिशेब

घर चालवायच्या अडचणी ज्या बाईला कळतात, तिला देश चालवायच्या अडचणी समजायला वेळ लागत नाही, अशा अर्थाचं मार्गारेट थॅचर म्हणायच्या. ऐकून कुठल्याही गृहिणीची मान ताठ व्हावी!

ग्रॅन्थम गावच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकली. जुळी मुलं जेमतेम चार महिन्यांची असताना वकिलीची परीक्षा पास झाली. 1959 साली खासदार आणि मे 1979 मध्ये ब्रिटनची पहिली महिला पंतप्रधान. लागोपाठ तीन निवडणुका जिंकून साडेअकरा वर्षं खुर्ची सांभाळली. या जिद्दीला सलाम करायलाच हवा.

पण राहून राहून मनात येतं, बाकीच्या बायकांच्या पदरात काय पडलं? एवढ्या वर्षांत त्यांच्या मंत्रिमंडळात दुसरी बाई आली ती एकच, बॅरोनेस यंग. तीही दोनेक वर्षंच. 1971 साली शिक्षणमंत्री असताना थॅचरबाईंनी सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध बंद केलं. ‘दूध हिसकावणारी’ हे नाव मग कायमचं चिकटलं.

1984-85 चा खाण कामगारांचा संप वर्षभर चालला. तेव्हा कामगारांच्या बायकांनी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले, भाषणं केली. संप फसला, खाणी बंद पडत गेल्या. कणखर बाई एकीकडे, कणखर बायका दुसरीकडे!

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1980 च्या कायद्याने सरकारी घरांतल्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घेता आली. कित्येकींच्या डोक्यावर हक्काचं छप्पर आलं. मात्र विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी बांधली गेली नाहीत.

2013 मध्ये थॅचरबाई गेल्या, तेव्हा कुणी रडलं, तर कुणी चक्क रस्त्यावर नाचलं. पुढे त्यांच्याच पक्षातून 2016 मध्ये थेरेसा मे आणि 2022 मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या. वाट त्यांनी मळली, हे खरंच.

म्हणून मला वाटतं, बाईला खुर्ची मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नुसती बाई बसली म्हणजे बायकांचं भलं झालं, असं धरून चालू नये. आणि घराच्या हिशेबाचंच म्हणाल, तर काटकसर आपणही करतोच की! फक्त ती करताना लेकराच्या पेल्यातल्या दुधाला आपण सगळ्यात शेवटी हात लावतो, नाही का?